एकेचाळीस नंबरचं रक्त

आतड्यातून निघणाऱ्या एका संप्रेरकावर मी एकवीस वर्षं घालवली. आज त्याची इंजेक्शनं निघाली आहेत. लोक वजन उतरवायला ती पोटात टोचून घेतात आणि कुठल्याही लग्नात जेवायला बसले की एखादी तरी मावशी मला विचारते, "घेऊ का गं मी पण?" मी कामाला लागले तेव्हा मात्र त्याचं नाव घेतलं की समोरचा माणूस घड्याळाकडे बघायचा.

अन्न आतड्यात उतरलं की तिथल्या काही पेशी हे संप्रेरक रक्तात सोडतात. जेवण आलंय, इन्सुलिन सोड, असं ते स्वादुपिंडाला कळवतं. मधुमेह झालेल्या बऱ्याच माणसांत हा निरोप क्षीण निघतो, किंवा पोचला तरी त्याचा व्हायला हवा तसा परिणाम होत नाही. रक्तात तो टिकतोही जेमतेम दोन मिनिटं. त्यामुळे रक्त काढल्याबरोबर नळी बर्फात जायला हवी, तिच्यात आधीच औषध घातलेलं हवं, पळत जाऊन ती यंत्रात गरगर फिरवायला हवी. जरा गप्पा मारत बसलात तर हातात नुसतंच रक्त उरतं.

माझ्या आईला चाळिशीतच साखर निघाली. ती आणि तिची सख्खी बहीण मुलुंडला एकाच चाळीत समोरासमोर राहायच्या, एकमेकींच्या घरची भाकरी खायच्या. मावशी सत्तरीतही ठणठणीत आणि आईचा पाय कापावा लागला. मी हा विषय का घेतला असं मुलाखतीत विचारत, तेव्हा मी काहीतरी शास्त्रीय सांगायचे. खरं कारण हे होतं.

आमची प्रयोगशाळा अंधेरी पूर्वेला, आरेच्या कुंपणाला लागून. इमारत जुनी, अर्धी रिकामी. दुपारी तबेल्यांकडून म्हशींचं रेकणं यायचं, ते थांबलं की कॉरिडॉरमध्ये फक्त फ्रीझरची घरघर. नवीन आलेला माणूस दबक्या आवाजात बोलायला लागायचा. आम्हाला त्याची सवय झाली होती.

ज्या अभ्यासाबद्दल मी सांगतेय, तो जेवणाच्या क्रमाचा होता. मधुमेही माणसाने आधी अंडं किंवा डाळ, मग भाजी आणि भात किंवा पोळी अगदी शेवटी खाल्ली, तर काही महिन्यांनी त्याचं आतडं जास्त संप्रेरक सोडायला लागतं का, एवढाच प्रश्न. स्वयंसेवक सकाळी उपाशी पोटी यायचे. प्रयोगशाळेला लागून असलेल्या छोट्या वॉर्डात आमच्या सिस्टर त्यांच्या हातात सुई बसवायच्या, मग आम्ही मोजून दिलेलं जेवण, आणि पुढचे दोन तास ठरावीक वेळेला रक्त. घरी खाल्लेलं सगळं त्यांनी डायरीत लिहायचं. नळीवर नाव कधीच नसतं, फक्त क्रमांक. दारात मात्र सिस्टर कागद बघून नाव पुकारायच्या, आडनावासकट, मोठ्याने. त्या खाडीपलीकडच्या मनोरीच्या. रोज मार्व्याला येणारी फेरीबोट पकडून यायच्या आणि होडीच्या इंजिनावर ओरडून बोलायची सवय असल्यासारखा त्यांचा आवाज लागायचा.

एकेचाळीस क्रमांकाचा माणूस पहिल्यांदा आला तेव्हा त्याने सगळ्या वॉर्डला हसवलं होतं. वय पन्नाशीच्या अलीकडे. घाटकोपरला डोंगरावरच्या वस्तीत घर, मूळ मालवणकडचा, वडील गिरणीत होते. स्वतः लिफ्ट दुरुस्त करायचा. "मॅडम, मी वर-खाली करणाऱ्यांची वाट मोकळी करतो," तो म्हणाला, "माझी साखर तेवढी वरच अडकलीय." त्याची शीर काही केल्या सापडेना. सुई टेकवली की बाजूला सरकायची. सिस्टरनी उजवा हात सोडून डावा घेतला, तिसऱ्या प्रयत्नात जमलं. तोवर तो त्यांनाच धीर देत होता. "निवांत घ्या सिस्टर. लिफ्टची केबल पण पहिल्या फटक्यात हाताला लागत नाय."

त्याच्या रक्ताचा आलेख सपाट आला. जेवणाआधी जेवढं संप्रेरक, जेवणानंतर अर्ध्या तासाने जवळपास तेवढंच. इतका सपाट आलेख मी फार कमी पाहिला होता. त्याला दाखवला तर म्हणाला, "म्हणजे माझ्या आतड्याला कळतच नाय मी जेवलो ते?"

"साधारण तसंच."

"आणि आई म्हणते मी फार खातो."

जाताना त्याने डायरी शर्टाच्या आत ठेवली, म्हणाला, "तारीख चुकवणार नाय मॅडम. शब्द दिला."

त्यानंतर साथीची ती दुसरी लाट आली. अभ्यास बंद पडला. आम्ही घरी बसून होतो, सिस्टर एका कोविड सेंटरवर गेल्या. चार-पाच महिन्यांनी परत उघडलं तेव्हा आमच्या यादीतले कितीतरी लोक फोन उचलत नव्हते. काहींच्या घरून कळलं. मी यादीवर पेन्सिलीने खुणा करायचे, पेनाने करवत नव्हत्या.

एकेचाळीस आला. ठरलेल्या दिवशी, वेळेच्या दहा मिनिटं आधी. मास्क लावून बाकावर बसला होता. सिस्टरनी नाव पुकारलं तसा ताठ उभा राहिला आणि "हजर" म्हणाला. मला इतकं बरं वाटलं की मी पुढे होऊन म्हटलं, "आलात! बरे आहात ना?" त्याने मान हलवली. वजन बरंच उतरलं होतं. लाटेनंतर सगळेच तसे दिसत होते, डोळे मोठे आणि गाल आत. त्याने विनोद केला नाही, पण त्या दिवसांत कोण करत होतं?

डायरी त्याने व्यवस्थित भरली होती. मधले सतरा दिवस कोरे होते. त्यानंतर पुन्हा रोजच्या रोज: अंडं, मग भाजी, शेवटी भात. अक्षर जरा बारीक झालं होतं. कोऱ्या दिवसांबद्दल विचारलं तर म्हणाला, "तेव्हा जेवण नव्हतं." आजारी असेल, असं मी धरलं आणि तसं नोंदवलं.

आठवड्याने त्याचा आलेख मशीनमधून आला आणि मी खुर्चीतून उठलेच. पंधराव्या मिनिटाला रेघ वर चढली होती, तिसाव्याला टोक, मग सावकाश उतार. जसा निरोगी माणसाचा असतो. मी नमुना पुन्हा लावला. तेच. लॅबमधले दिवे चालू करून मी तो कागद आधीच्या कागदावर ठेवला. खालची सपाट रेघ आणि वरचा डोंगर. मुकं आतडं बोलायला लागलं होतं.

आमचे सर, विभागाचे प्रमुख, फार बोलणारे नाहीत. त्यांनी दोन्ही कागद खिडकीपाशी नेले.

"हे कसं काय गं?"

"क्रमामुळे असेल, सर. बाकीच्यांतही थोडी वाढ दिसतेय. याच्यात सगळ्यात जास्त."

"थोडी वाढ मला समजते. हे म्हणजे दुसराच माणूस वाटतो."

आम्ही दोघंही हसलो. हे वाक्य मला नंतर फार छळणार होतं, पण त्या वेळी मी फक्त खूश होते. इतक्या वर्षांत असा आलेख माझ्या वाट्याला आला नव्हता.

तिसऱ्या भेटीलाही तसंच झालं. तो दहा मिनिटं आधी, बाकावर ताठ. हाक, हजर. रक्त देताना तो दुसरीकडे बघायचा नाही, नळी भरताना एकटक बघायचा. जेवण सावकाश जेवायचा, आवाज न करता. पडद्याच्या आड बाकीचे स्वयंसेवक मोबाइलवर काहीबाही बघत. याच्या पडद्याआडून काहीच यायचं नाही, इतकं की मी एकदा उगाचच डोकावून पाहिलं. तो डोळे मिटून बसला होता आणि ओठ हलत होते.

त्या दुपारी सिस्टर माझ्या खोलीत आल्या. दार लावून घेतलं. असं त्या कधी करत नसत.

"मॅडम, तो माणूस तो नाहीये."

"कोण?"

"एकेचाळीस. त्याची शीर सरकायची. डाव्या हाताला तिसऱ्यांदा मिळाली होती, मला बरोबर लक्षात आहे. आता उजव्या हाताला पहिल्यांदा टोचलं की मिळते. सरळ, जाड शीर."

"वजन उतरलंय त्याचं, सिस्टर. शिरा वर येतात."

"वर येतात. जागा बदलत नाहीत." त्यांनी स्वतःची बोटं एकमेकांवर चोळली. "हात गार आहे त्याचा. मला भीती वाटते सुई लावताना."

मला राग आला. इतका राग का आला ते मला आता कळतं. मी म्हटलं, "तुम्हाला सेंटरवर फार ड्युटी पडली, सुट्टी घ्या चार दिवस. कार्डावर फोटो आहे, तुम्हीच बघता रोज. उगाच असं काही वॉर्डमध्ये बोलू नका."

त्यांनी गळ्यातला क्रॉस ब्लाऊजच्या आत सारला. "बरं मॅडम," म्हणाल्या आणि गेल्या. नंतरचे कित्येक दिवस माझ्याशी कामापुरतंच बोलत होत्या.

त्या बोलल्या ते मी झटकलं, पण ते गेलं नाही. कार्डावरचा फोटो मी काढून बघितला. टपाल तिकिटाएवढा, झेरॉक्स काढून काढून काळवंडलेला. तोच होता. भुवया, रुंद कपाळ, तोच. मग संमतीपत्रावरची सही काढली आणि मागच्या भेटीच्या पावतीवरची सही शेजारी ठेवली. अक्षरं तीच होती. फक्त पहिली सही माणूस करतो तशी केलेली होती, आणि दुसरी कोणीतरी बघून बघून काढल्यासारखी. मी दोन्ही कागद फाइलमध्ये ठेवले आणि ड्रॉवर बंद केला. हे कबूल करायला मला लाज वाटते, पण मी ड्रॉवर बंद केला.

एका मोठ्या परिषदेला आम्ही निकाल पाठवले होते, ते स्वीकारले गेले. भाषण मी करायचं होतं. माझ्या दहा स्लाइड्समधली सहावी एकेचाळीसची होती.

चौथ्या भेटीच्या दिवशी तो वेळेवर आला नाही. सकाळचे नऊ वाजले, सव्वानऊ. बाहेर धुकं होतं, आरेत थंडीच्या दिवसांत पडतं तसं, कुंपणापलीकडचं काही दिसत नव्हतं. त्याचा मोबाइल बंद लागत होता. फॉर्मवर घरचा दुसरा नंबर होता, पहिल्या भेटीत त्यानेच लिहिलेला. मी कॉरिडॉरच्या टोकाला उभी राहून तो लावला.

एका म्हाताऱ्या बाईने उचलला. "कोण?"

मी संस्थेचं नाव सांगितलं, त्याचं नाव सांगितलं. म्हटलं, "आज त्यांची तारीख आहे, निघालेत का ते?"

पलीकडे त्यांनी टीव्हीचा आवाज बंद केला.

"तो नाय आता," त्या म्हणाल्या. "तो गेलो, मॅडम. साथीत. आता वरीस होयत इला. तुमका कोणी सांगूक नाय?"

"कोण गेले?"

"माझो थोरलो झील." त्यांनी नाव घेतलं. पूर्ण नाव, आडनावासकट.

आणि त्याच क्षणी, माझ्या पाठीमागे, वॉर्डच्या दारातून सिस्टरनी तेच नाव पुकारलं.

मी वळून पाहिलं. बाकावरून तो उभा राहिला. केसांवर धुक्याचं पाणी होतं. "हजर," तो म्हणाला, आणि माझ्यासमोरून, दोन हातांवरून, आत गेला. माझ्या कानाशी फोन होता आणि त्यात ती आई विचारत होती, "हॅलो? मॅडम? असास मां?"

मी शास्त्रज्ञ आहे. त्या अर्ध्या मिनिटात मी काय काय मानलं ते मी कुठल्याच सहकाऱ्याला सांगितलेलं नाही. मागचे सगळे दिवस एकदम डोळ्यांपुढे आले, ते कोरे सतरा दिवस, तो गार हात, "तेव्हा जेवण नव्हतं." आणि त्या आलेखातला तो डोंगर. मेलेल्या माणसाच्या आतड्याने निरोप पाठवला होता आणि मी तो स्लाइडवर लावला होता.

मग सिस्टर बाहेर आल्या. माझा चेहरा बघून त्यांनी माझं कोपर धरलं. मी कसंबसं सांगितलं. त्या म्हणाल्या, "सुई बसवलीय मी. माणूस आहे, मॅडम. रक्त गरम आहे. चला आत, मी आहे."

आम्ही त्याचं जेवण थांबवलं. मी स्टूल ओढून त्याच्यासमोर बसले, सिस्टर पडद्याला धरून उभ्या राहिल्या. मी मास्क काढायला सांगितला. त्याने काढला. इतक्या भेटींत तो जेवताना मास्क काढत होताच, पण मी त्याच्याकडे नीट बघितलं ते तेव्हा. चेहरा तोच वाटत होता, पण पहिल्या भेटीत हनुवटीवर पाहिलेली खळी नव्हती.

"मी आत्ता तुमच्या आईशी बोलले," मी म्हटलं.

त्याने हातातल्या सुईवरची चिकटपट्टी बोटाने दाबली. "तिला काय सांगितलंत?"

"काहीच नाही. तुम्ही कोण?"

"धाकटा." मग घाईघाईने, "चोरी म्हणून नाय केलं मॅडम. पैसे पण नाय घेतले, येण्याजाण्याचे जे देता ते तसेच घरी आहेत पाकिटात. तुमचा मेसेज आला त्याच्या फोनवर. अमुक तारखेला या म्हणून. फोन माझ्याकडे होता. तो तिकडे ॲडमिट असताना मला फोनवर काय बोलला शेवटचं, माहितीय? डायरी लिही माझी, खाडा पडेल. त्याला वाटत होतं आठ दिवसांत येईल घरी."

"मग तुम्ही सांगायचं आम्हाला."

"सांगायलाच आलो होतो पहिल्यांदा. देवाशपथ. बाकावर बसलो होतो, सांगू कसं म्हणून. आणि यांनी नाव घेतलं." त्याने सिस्टरकडे पाहिलं. "घरी कोण घेत नाय त्याचं नाव. आई रडते म्हणून आम्ही कोणच घेत नाय. शेजारी पण नाय. तिकडून पण नंबरच आला होता, बॉडी नंबर अमुक. बघायला दिलं नाय कोणाला. आणि इथे एवढ्या मोठ्याने नाव घेतलं, जसं काय तो आत्ता आलाय. मी उभा राहिलो. मग बसता येईना."

पडद्यापलीकडे कोणाच्या तरी मोबाइलवर हसण्याचा आवाज झाला आणि थांबला.

"दर वेळी ठरवायचो, आज शेवटचं. पण मग तारीख यायची. इथे तीन तास तो असतो, मॅडम. तुम्ही विचारता, बरे आहात ना. मी त्याच्या वतीने सांगतो, बरा आहे."

"आणि डोळे मिटून काय बोलता?"

तो ओशाळला. "त्यालाच सांगतो. काय काय दिलं जेवायला ते."

सिस्टरनी पुढे होऊन त्याच्या हातातली सुई काढली, कापूस दाबून धरला. मी विचार केला होता की मी चिडेन. माझ्या अभ्यासाची वाट लागली होती. पण मी एवढंच विचारलं, "आज उशीर का झाला?"

"आज खरंच येणार नव्हतो," तो म्हणाला. "मेट्रोतून उतरून परत फिरलो होतो."

त्याच संध्याकाळी मी सरांना सगळं सांगितलं. सही, फोटो आणि सिस्टरनी आधी सांगितलेलं मी झटकलं, तेही. सर म्हणाले, "एथिक्स कमिटीला तूच लिही, माझ्या नावाने नको." मी लिहिलं. एकेचाळीसच्या तीन भेटी बाद केल्या, आणि त्या काढल्यावर उरलेल्यांत जी वाढ दिसत होती ती इतकी किरकोळ झाली की त्यावर बोलण्यासारखं काही राहिलं नाही. परिषदेला नाव मागे घेतल्याचं कळवलं. कारण खरं लिहिलं. विभागात काही महिने माझ्याकडे बघण्याची तऱ्हा बदलली. बढती दुसऱ्याला मिळाली, ते बरोबरच होतं. कमिटीने ओळख पटवण्याची पद्धत बदलायला लावली, तीही मी आधीच बदलायला हवी होती.

सिस्टरची माफी मागितली तेव्हा त्या म्हणाल्या, "तुम्ही कागद बघता, मी हात धरते." एवढंच. दुसऱ्या दिवशी डब्यातून माझ्यासाठी सुक्या बोंबलाची चटणी आणली.

पण एक गोष्ट मला सोडेना. दोन सख्खे भाऊ, एकाच घरात, एकाच आईच्या हातचं जेवलेले. एकाचं आतडं मुकं आणि दुसऱ्याचं इतकं बोलकं, ते कसं? तपासलं तेव्हा धाकट्याला साखर नव्हती, काठावरही नव्हती. वर्षभराने मी नवा अभ्यास मांडला, भावंडांच्या जोड्यांचा. आजही त्याच्यावरच काम करते. धाकट्याला मी स्वतः फोन केला. म्हटलं, तुमच्या नावाने याल का? त्याने दोन दिवस मागितले आणि हो म्हणाला.

तो आईला घेऊन आला. ठेंगणी, काटक बाई, हिरवं लुगडं, डोंगर चढून-उतरून कमावलेली चाल. सिस्टरनी दारातून त्याचं नाव पुकारलं. त्याचं स्वतःचं. तो बसूनच राहिला. आईने त्याला कोपराने ढोसलं, "अरे, तुकाच हाक मारतत." तेव्हा तो दचकून उठला.

तो आत गेल्यावर ती माझ्या खोलीत येऊन बसली. चहा घेतला नाही. धाकट्याने तिला सगळं सांगितलं होतं. ती रागावली असेल अशी माझी समजूत होती. तिने विचारलं, "मॅडम, तेचा रक्त हय असा?"

"कोणाचं?"

"थोरल्याचा. पयल्यांदा दिल्यान ता."

मी म्हटलं, आहे. पहिल्या भेटीचं, चार नळ्या. संमतीपत्रात पुढच्या कामासाठी ठेवायची परवानगी त्याने दिली होती.

"माका दाखवशात? आमका तेका बघूकच गावला नाय. पिशयेत बांधून न्हेल्यानी. माझ्या झिलाचा कायच रवाक नाय माझ्याकडे, राख पण सगळ्यांची एकत्र होती म्हणतत."

असं कोणी विचारल्याचं मी कधी ऐकलं नव्हतं, आणि त्यासाठी नियमही नव्हता. मी तिला फ्रीझरच्या खोलीत नेलं. दार उघडलं तशी पांढरी वाफ जमिनीवर उतरली आणि तिच्या पावलांभोवती पसरली. ती मागे सरली नाही. मी जाड हातमोजे घालून खोकं काढलं, एक नळी उचलली. करंगळीच्या दोन पेरांएवढी, तळाशी गोठलेला पिवळसर थेंब.

"ह्या पिवळा कसा? रक्त लाल असता."

"लाल पेशी वेगळ्या काढतो आम्ही. हे त्यातलं पाणी."

"तेचाच मां?"

मी क्रमांक वाचला, रजिस्टर काढून पुन्हा पडताळला. सिस्टरनी डाव्या हातातून, तिसऱ्या प्रयत्नात काढलेलं. "त्यांचंच," मी म्हटलं. आयुष्यात एवढ्या खात्रीने मी कुठल्याच नमुन्याबद्दल बोलले नव्हते.

तिने हात पुढे केला. इतक्या थंडीने कातडी भाजते, म्हणून मी माझा एक मोजा काढून तिच्या हातात चढवला आणि नळी तिच्या तळव्यावर ठेवली. तिने मूठ मिटली. फ्रीझरचा इशारा वाजायला लागला होता, दार फार वेळ उघडं राहिलं की वाजतो. मी ते बंद केलं. खोलीत नुसती घरघर राहिली. ती नळीशी मालवणीत काहीतरी बोलत होती, अगदी हळू, रोजचं बोलावं तसं. त्यातलं एकच वाक्य मला कळलं. ती विचारत होती, जेवलंस काय.

थेंब वितळत होता. वितळलेला नमुना पुन्हा कामाला येत नाही, हे मी विद्यार्थ्यांना पहिल्या दिवशी सांगते. मी काही बोलले नाही.

थोड्या वेळाने तिने मूठ उघडली. तळाचा थेंब मोकळा झाला होता, नळी कलली की हलत होता. तिने तो दोनदा हलवून पाहिला. मग नळी माझ्याकडे दिली.

"परत ठेव गो बाय," ती म्हणाली. "भायर तेका गरम होता."

मी नळी तिच्या जागेवर ठेवली, दार लावलं आणि रजिस्टरमध्ये लिहिलं: एक नळी वितळली, मोजणीसाठी वापरू नये. टाकून द्यावी असं त्यापुढे लिहायचं असतं, ते मी लिहिलं नाही. ती मोजा काढून नीट घडी करत होती. पलीकडच्या वॉर्डात तिच्या धाकट्याचं जेवण सुरू झालं होतं आणि पंधराव्या मिनिटाचं रक्त घ्यायची वेळ झाली होती, म्हणून मी तिला बाकावर बसवून आत गेले.